उभ्या गाडीची थरथर

चालताना आमची गाडी अतिशय गुणाची होती. तिला फक्त उभं राहता येत नव्हतं. गावाबाहेरच्या रेल्वे फाटकाशी थांबलं की आधी स्टिअरिंग थरथरायला लागे, मग सीट, मग डॅशबोर्डवरची बुद्धाची लहानशी मूर्ती आणि शेवटी माझे दात. मालगाडी लांबलचक असली की इंजिन दोनतीनदा आचके देई आणि नेमकं फाटक उघडताना बंद पडे. मागचे ट्रॅक्टरवाले हॉर्न बडवत. एकदा शेजारच्या मोटरसायकलवरचा माणूस खिडकीशी वाकून म्हणाला, "मॅडम, गाडीले हिव भरला काय?" त्याच्या मागे बसलेली बाई खो खो हसली. मला अजिबात हसू आलं नाही. मला शाळेत पोचायचं होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन इकडे आले आणि बिरसीजवळच्या आमच्या गावात, वडिलांच्या घरी राहू लागले. आई त्याच्या आदल्या पावसाळ्यात गेली होती. नवऱ्याची नोकरी नागपूरला, तो शनिवारी येतो. म्हणजे घरात मी आणि बाबा, आणि दारातल्या टिनाच्या शेडखाली ही गाडी. पंचवीस वर्षांची, पांढरी, लहान, कार्बोरेटरच्या जमान्यातली. तिरोड्याच्या एका डॉक्टरांनी नवी घेतली तेव्हा ही जुनी बाबांनी त्यांच्याकडून घेतली होती. पन्नाशी उलटल्यावर ते तिच्यावर गाडी शिकले. आईला शेजारी बसवून नागपूरला दीक्षाभूमीवर पहिल्यांदा गेले, तेव्हा परत आल्यावर गावात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. आता लांबचं नीट दिसत नसल्यामुळे ते रस्त्यावर चालवत नाहीत, पण आरसी बुकावर नाव त्यांचंच आहे.

बाबांनी सारी हयात धान भरडायच्या गिरणीवर काढली. मालक नव्हेत, इंजिनवाले. गिरणीचं ते अजस्र डिझेल इंजिन त्यांच्या ताब्यात असे, आणि पंचक्रोशीत त्यांच्या कानाची ख्याती होती. कोणाचा पंप अडला, कोणाचं थ्रेशर कुरकुरलं की बाबांना बोलावणं. ते इंजिनाजवळही जात नसत. दहा हात लांब उभे राहून, तंबाखू मळत सांगत, "वॉल बसत नाही," नाहीतर "नोझल गेला." मिस्त्री उघडून बघे तर अगदी तसंच. गिरणी बंद पडून जमाना झाला तरी लोक अजून येतात. अलीकडे मात्र बाबांना नाटकं सुचायला लागली आहेत असं मला वाटे. लांब उभं राहायचं सोडून ते इंजिनावर तळहात ठेवत, डोळे मिटत आणि नाडी बघितल्यासारखे बराच वेळ तसेच थांबत. मी मनात म्हणे, म्हातारपणी माणसाला प्रेक्षक लागतात.

आता असा माणूस घरात असताना घरच्या गाडीचं दुखणं कळू नये? मी त्यांना शेडमध्ये घेऊन गेले. गाडी उभ्या जागी अशी थडथडत होती की नंबरप्लेट वाजत होती. "बाबा, ऐका जरा काय होतंय ते."

बाबांनी बॉनेटवर हात ठेवला. "ठीक तं आहे," ते म्हणाले. "मस्त चालून रायली."

"मस्त? ही मस्त आहे?"

"इंजिनाले काही झालं नाही, बाई. तू कायले घाबरतेस?"

ज्या माणसाने लोकांच्या इंजिनांतली सुईएवढी खोट काढली, त्याला स्वतःच्या गाडीत मात्र काही दिसत नव्हतं. आपला तो बाळ्या, म्हणतात तसं.

माझी गरज साधी होती. डिसेंबर संपला की गाडीचं रजिस्ट्रेशन संपत होतं. आणखी पाच वर्षं वाढवून घ्यायचं तर आरटीओकडे गाडी दाखवायची, आणि त्याआधी धुराची तपासणी पास करून पीयूसी घ्यायची. ही तपासणी गाडी उभी ठेवून करतात. उभं राहण्यातच जिची बोंब, तिची परीक्षा उभं राहण्यातच. दिवाळीनंतर मी गोंदियाला पेट्रोल पंपावरच्या पीयूसीवाल्याकडे गेले. त्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली, कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि नळी काढून घेतली. "मॅडम, स्लो में मिसिंग है. पेट्रोल अर्धं कच्चंच बाहेर येऊन राहिलं. पहले गाडी बनवाओ, फिर आओ."

स्लो म्हणजे पाय ॲक्सिलरेटरवर नसताना इंजिन ज्या गतीने आपलं आपण फिरतं ते. मिसिंग म्हणजे मध्येच एखादा ठोका चुकणं. हे शब्द तेव्हा मला नवे होते. पुढच्या दोन महिन्यांत मी ते झोपेतही बोलू लागले.

सकाळचा आमचा रिवाज ठरलेला. मी डबा भरेपर्यंत बाबा शेडमध्ये जाऊन गाडी सुरू करत, गरम करून ठेवत आणि दारातून हाक देत, "बाई, चाल." मग मी त्यांना फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर सोडायची, तिथे त्यांचे सोबती जमतात, आणि मी पुढे शाळेला. तर पीयूसी नापास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्या दहा मिनिटांच्या रस्त्यात, समोर बघून गाडी हाकताना मी त्यांना सांगून टाकलं. "बाबा, डिसेंबरअखेर ही पास झाली नाही तर मी हिला भंगारात घालणार. आता माझ्याच्यानं होत नाही. रोज जीव मुठीत धरून फाटक ओलांडायचं. तुमचा जीव असेल हिच्यावर, पण मला नोकरी करायची आहे."

मी वादाला तयार होते. बाबा नुसती मान हलवत होते. "हो, हो," ते म्हणाले आणि खिडकीतून कापलेल्या धानाच्या बांध्यांकडे बघत बसले. मला जरा चमत्कारिक वाटलं. ज्या गाडीला ते पोटच्या पोरीसारखं पुसतात, तिला भंगारात घालू म्हटलं तर हो हो?

पहिल्या मिस्त्रीने कार्बोरेटर उघडला. गोंदियाला बसस्टँडच्या मागे त्याचं गॅरेज आहे. बोलायला गोड. "कचरा आया था, मॅडम. अब मक्खन चलेगी." आणि खरंच चालली हो. परतताना मी मुद्दाम फाटकाशी थांबले. फाटक उघडं होतं, तरी थांबले. इंजिनाचा आवाज म्हणजे दुसऱ्या खोलीत कोणी हलक्या हाताने शिवणयंत्र चालवावं तसा. बुद्धाची मूर्ती निश्चल. मला इतका आनंद झाला की मी घरी येऊन शिरा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी गाडी गरम केली, मी बसले, आणि ये रे माझ्या मागल्या. स्टिअरिंग, सीट, मूर्ती, दात.

मिस्त्रीकडे गेले तर तो म्हणाला, टाकीत गंज आहे, परत कचरा आला. परत साफ. परत मक्खन. परत दुसऱ्या दिवशी हिवताप. मी त्याला सोडून दुसरा धरला. त्याने प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, एक रबरी नळी तडकली होती ती बदलली. "इथून हवा ओढून राहिली होती, मॅडम. म्हणून स्लो बसत नव्हता." हे मला पटलं. शास्त्रीय वाटलं. जाता जाता तो म्हणाला, "आणि एक सांगू? हिच्या स्टार्टरचे दात खाऊन गेले. चालू गाडीले कोणी सेल मारते काय तुमच्या घरी?"

"चालू गाडीला कोण कशाला पुन्हा किल्ली फिरवून सेल मारेल?" मी म्हणाले.

"दात तं तसेच सांगून राहिले."

मला राग आला. मी काय पहिल्यांदा गाडी चालवत होते? पंचवीस वर्षांच्या गाडीचे दात झिजणार नाहीत तर काय उगवणार? मी त्याला तसं सुनावलंही. गाडी घेऊन आले. संध्याकाळभर शिवणयंत्र. सकाळी पुन्हा तेच.

आता शाळेत शिक्षकांच्या खोलीत सल्ल्यांना ऊत आला. कोणी म्हणे टॅपेट बघा, कोणी म्हणे पेट्रोलमध्ये पाणी आहे, कोणी म्हणे तुमच्या शेडमध्ये थंडी धरते. आमच्या मुख्याध्यापकांनी लिंबू बांधायला सांगितलं. मी विज्ञान शिकवते, हे त्यांना ठाऊक असून सांगितलं.

शेवटी मी स्वतः कंबर कसली. मोबाइलवर दहा व्हिडिओ पाहिले. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. जी काढल्यावर इंजिनात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आळशी. वर्गात प्रश्न विचारून मुलं पारखतात, तसंच. एका रविवारी मी रबरी चपला घालून हा प्रयोग केला. पहिली वायर काढली, इंजिन अडखळलं. दुसरी काढली, अडखळलं. तिसरी काढताना मला असा झटका बसला की हातातला पाना शेजाऱ्याच्या तणसाच्या ढिगात गेला. तो अजून सापडलेला नाही. तिन्ही सिलिंडर कामसू निघाले. मग नळ्यांच्या जोडांवर साबणाचं पाणी शिंपडून पाहिलं, कुठे हवा ओढते का. कुठेच ओढत नव्हती. म्हणजे सगळं ठीक, आणि गाडी आजारी.

हे सगळं चालू असताना बाबा खुर्चीवर बसून बघत होते. डोक्यावरून बिरसीच्या विमानतळावरच्या शिकाऊ वैमानिकांचं विमान गरगरत गेलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं. मी बॉनेटमध्ये डोकं घालून, चिडून म्हणाले, "बाबा, तुम्ही तरी सांगा ना काहीतरी! नुसते बसलात!"

काही उत्तर आलं नाही. मी वळून पाहिलं तर ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "चहा ठेवू का?"

पालथ्या घड्यावर पाणी. मी मनात त्यांना काय काय म्हणाले ते लिहीत नाही.

आणि रोज सकाळी, फाट्यापर्यंतच्या रस्त्यात, माझी टकळी चालूच होती. अमुक दिवस उरले. हा मिस्त्री चोर, तो मिस्त्री महाचोर. भंगारवाला नगद मोजून नेतो म्हणे. एवढ्या जुन्या गाडीचा सोस हवाच कशाला, आईसुद्धा म्हणायची की हिला विका. हे शेवटचं खोटं होतं. आई असं कधीच म्हणाली नव्हती. रागात माणूस मेलेल्यांनाही साक्षीला बोलावतो. बाबा मान हलवत, "हो, हो," म्हणत, आणि फाटा आला की उतरून जात. त्यांचा हा थंडपणा मला गाडीपेक्षा जास्त छळत होता.

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला. मी पहिल्या मिस्त्रीकडे परत गेले, कारण तिसरा शोधायचं त्राण नव्हतं. त्याने या खेपेला काहीच उघडलं नाही. नुसता कार्बोरेटरकडे टॉर्च मारून बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, हर बार मैं ये स्लो का स्क्रू सेट करके देता हूं. हर बार ये ढीला मिलता है. स्प्रिंग भी नई डाली पिछली बार. आपोआप नाही फिरत हा. कोई हाथ लगा रहा है."

"कोण हात लावेल? गाडी माझ्या दारात असते."

"नेलपॉलिश है क्या आपके पास?"

माझ्याकडे नव्हती. शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातून त्याने लाल नेलपॉलिश आणवली, स्क्रू पक्का बसवला आणि स्क्रूचं डोकं न् खालचा लोखंडी भाग यांवरून एक आडवी रेघ ओढली. "रेषा तुटली, तर हात लागला. नाही तुटली, तर मैं गुन्हेगार."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा तसाच टाकून मी मागच्या दाराने शेडकडे गेले. धुकं होतं. गाडीचं बॉनेट उघडं, आणि बॉनेटखाली बाबा. उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर, डावा हात इंजिनावर सपाट ठेवलेला, डोळे मिटलेले. गाडी शिवणयंत्रासारखी चालत होती. बाबांनी स्क्रू जरासा फिरवला. मग अजून जरा. इंजिन हळूहळू मंदावलं, धापा टाकू लागलं, थडथडू लागलं, आणि बाबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोन महिने. दोन मिस्त्री, तीन प्लग, नळ्या, वायरी, माझ्या हाताला बसलेला तो झटका, मुख्याध्यापकांचं लिंबू. आणि रोज सकाळी हा माणूस माझ्यासाठी गाडी गरम करता करता बिघडवत होता!

मी पुढे होऊन स्क्रूड्रायव्हर हिसकावला. बाबा दचकले. मी बॉनेटमध्ये वाकून तुटलेली लाल रेघ बघत, तिथूनच जे बोलायला लागले ते बोलतच राहिले. माझ्या मेहनतीची तुम्हाला किंमत नाही, तुम्हाला काही सांगितलं तर कळत नाही, गाडी भंगारात गेली तर ती तुमच्यामुळे, मी आता हात झटकले. माझा आवाज गल्लीत गेला असणार, कारण समोरच्या घरातल्या काकू दारात आल्या.

मी थांबले, वळले, तेव्हा बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. "लई पळत होती, बाई," ते म्हणाले. "इंजिन कसं, हरू चालाव. गिरनीचं इंजिन असंच चाले. धक, धक, धक. मोजता याव."

"ही गिरणी नाही, बाबा! ही पेट्रोलची गाडी आहे!"

"तुले नाही समजत," ते म्हणाले.

तेव्हा मला वाटलं, समजलं. हयातभर एका दांडग्या डिझेल इंजिनाशी संसार केलेल्या माणसाला या चिमुकल्या इंजिनाची सुखाची घरघर म्हणजे पळापळ वाटत होती. ते तिला आपल्या गिरणीच्या चालीवर आणत होते. अशी चूक आमच्याच घरात होऊ शकते. रात्री फोनवर नवऱ्याला सांगितलं तर तो इतका हसला की मलाही थोडं हसावं लागलं. पण मी घरातले सगळे स्क्रूड्रायव्हर, अगदी शिवणयंत्राचा छोटासुद्धा, गोळा करून शाळेच्या कपाटात नेऊन ठेवले.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी गाडी गरम करणं सोडलं. "तूच सुरू कर," ते म्हणाले. रुसले, मी म्हटलं. रुसू देत. मिस्त्रीने स्क्रू बसवून नवी रेघ मारून दिली होती. गाडी मक्खन चालत होती. फाट्यापर्यंत बाबा गप्प बसत, आणि मीही, कारण आता माझ्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं.

वर्ष संपायला चार दिवस असताना मी रजा टाकली आणि बाबांना घेऊन गोंदियाला गेले. मालक ते, आरटीओत सही त्यांची लागणार. आधी पीयूसी. पेट्रोल पंपावर आमच्या पुढे दोन गाड्या होत्या. आमचा नंबर आला. पीयूसीवाल्याने मला ओळखलं आणि कपाळाला हात लावल्यासारखं केलं. "चालू राहू द्या गाडी," तो म्हणाला. "मॅडम, इकडे या, तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल. काकाजी को बिठाओ आगे, थोडा रेस देना पडेगा."

मी गाडी चालूच ठेवून उतरले. बाबांना खुणेने ड्रायव्हरच्या जागी बसायला सांगितलं आणि पीयूसीवाल्याच्या केबिनच्या खिडकीशी जाऊन मोबाइल नंबर सांगू लागले. त्याने सायलेन्सरमध्ये नळी सरकवली आणि बाबांना हाताने इशारा केला, द्या रेस.

बाबांनी किल्ली फिरवली.

चालू इंजिनावर स्टार्टरचे दात घासले आणि असा कर्कश खरखराट उठला की पेट्रोल भरणारा पोरगा नळी हातात धरून वळला. "काकाजी! चालूच आहे गाडी!" पीयूसीवाला ओरडला. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर सपाट ठेवले, क्षणभर थांबले, आणि पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा तोच खरखराट. त्या आवाजाने माझ्या अंगावर शहारा आला, आणि बाबांच्या चेहऱ्यावर रेघसुद्धा हलली नाही.

मी धावत गेले. खिडकीतून आत हात घालून किल्लीवरचा त्यांचा हात धरला. "बाबा, चालू आहे. चालू आहे ती."

"नाही," बाबा म्हणाले. "थरथरून नाही रायली."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. आणि मी, जी दोन वर्षं एका घरात राहत होते, विज्ञान शिकवत होते, ध्वनी आणि कंपन हा धडा दर वर्षी घेत होते, ती त्या पेट्रोल पंपावर उभी राहून पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघत होते. गाडी थरथरली तरच ती चालू आहे हे त्यांना कळत होतं. हाताला कळत होतं. रोज सकाळी ते गाडी बिघडवत नव्हते. माझी गाडी सुरू झाली की नाही, याची खात्री करून घेत होते.

बाबा शेजारच्या सीटवर सरकले आणि पीयूसीवाल्याने स्वतः बसून रेस दिली. आकडे आले. तो अंगठा दाखवत म्हणाला, "पास." मी ऐकलं आणि मला काहीच वाटलं नाही.

कागद छापून येईपर्यंत मी बाबांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांच्याकडे पूर्ण वळून, हळू, एकेक शब्द स्पष्ट करून विचारलं, "केव्हापासून?"

बाबा हातांकडे बघत म्हणाले, "तुही माय होती तवाच थोडं थोडं. ते सांगे मले, कोन काय म्हनते. ते गेली मंग..." त्यांनी हात हलवला. "घरात समजते. तोंड पाहून समजते. टीव्हीत नाही समजत."

"मला काऊन नाही सांगितलं?"

"कोनाले सांगू?" ते म्हणाले. "लोक मले इंजिन आयकाले नेतात, बाई."

मला रडू आलं. लपवलं नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मग, जणू बऱ्याच दिवसांपासून विचारायचं राहून गेलं होतं अशा आवाजात म्हणाले, "एक सांग. रोज फाट्यावर जाताना गाडीत तू लई बोलत होतीस. सामने पाहून बोलस, मले काही समजे नाही. मी आपला हो म्हनो. पन रागात होतीस, येवढं दिसे. कोनावर चिडत होतीस येवढी?"

दोन महिन्यांचं सगळं माझ्या तोंडाशी आलं. भंगार, सोस, आईची खोटी साक्ष. ते मान हलवत होते आणि मला वाटत होतं, ऐकून घेत आहेत. भंगाराचं त्यांना काहीच कळलं नव्हतं; आरटीओची सही त्यांच्या लेखी दर पाच वर्षांची एक सही होती, तेवढीच.

"मिस्त्रीवर," मी म्हणाले.

त्यांनी कान पुढे केला. ओठ दिसावेत म्हणून मी वळले होते, पण रडताना ओठ कुठे नीट हलतात. "मिस्त्रीवर," मी पुन्हा म्हणाले. "काय?" बाबा म्हणाले. तिसऱ्यांदा मी ओरडले, "मिस्त्रीवर, बाबा! मिस्त्रीवर चिडत होते!" पंपावरच्या सगळ्या रांगेला ते ऐकू गेलं, आणि मग बाबांनाही.